एका पक्षाचे भांडण आणि दोन बाजूंचा तोल : ब्रेक्झिटच्या काळातली बीबीसी

२० फेब्रुवारी २०१६. शनिवार असूनही डेव्हिड कॅमेरन यांनी १० डाउनिंग स्ट्रीटवर मंत्रिमंडळाची बैठक बोलावली होती. बैठक आटोपल्यावर पंतप्रधानांनी बाहेर येऊन जाहीर केले, की युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे यावर २३ जूनला सार्वमत होईल आणि सरकारची शिफारस राहण्याची असेल. त्याच बैठकीतून उठून सहा जण ‘व्होट लीव्ह’ या बाहेर पडण्याच्या मोहिमेच्या कार्यालयात गेले आणि तिथे त्यांनी एकत्र उभे राहून छायाचित्र काढून घेतले. मायकेल गोव्ह, ख्रिस ग्रेलिंग, इयान डंकन स्मिथ, थेरेसा व्हिलियर्स, जॉन व्हिटिंगडेल आणि प्रीती पटेल. दुसऱ्या दिवशी बोरिस जॉन्सन त्यांना जाऊन मिळाले.

या सहांतले व्हिटिंगडेल हे सांस्कृतिक खात्याचे मंत्री. बीबीसी ज्या शाही सनदेवर चालते ती त्याच वर्षाअखेरीस संपणार होती आणि नव्या सनदेची आखणी त्यांच्याच खात्यात चालू होती. पुढचे चार महिने बीबीसीला एका पारड्यात हे मंत्री आणि दुसऱ्या पारड्यात त्यांचेच पंतप्रधान ठेवून तोल राखायचा होता, आणि तिची पुढच्या अकरा वर्षांची सनद या मंत्र्यांच्या टेबलावर होती. यात कट होता असे मी म्हणत नाही. पण दबावासाठी दर वेळी फोन करावाच लागतो असेही नाही.

ब्रेक्झिट आणि माध्यमे हा विषय निघाला की वाद बहुतेक एकाच प्रश्नावर घुटमळतो : बीबीसी कोणाच्या बाजूची होती? माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो. बीबीसीने बाजू घेतली नाही. तिने ‘बाजू’ म्हणजे काय, हे ठरवण्याचे काम मात्र राजकीय पक्षांवर, आणि त्यातही एका पक्षातल्या दोन गटांवर सोडून दिले. प्रकरणाचे मूळ तिथे आहे.

मोजपट्टी कुठून आली

ब्रिटनमध्ये वृत्तपत्रे आणि वाहिन्या यांना दोन वेगळे नियम आहेत. वृत्तपत्राने उघडपणे एखाद्या पक्षाचा प्रचार केला तरी कायदा आड येत नाही. वाहिन्यांवर मात्र २००३ च्या दळणवळण कायद्याने वादग्रस्त राजकीय विषयांत योग्य ती निष्पक्षता पाळण्याचे बंधन आहे आणि त्यावर ऑफकॉम ही नियामक संस्था लक्ष ठेवते. बीबीसीवर तेच बंधन तिच्या सनदेतून आणि सरकारबरोबरच्या करारातून येते. २०१६ मध्ये तिच्यावर देखरेख ‘बीबीसी ट्रस्ट’ची होती. ऑफकॉमकडे ती पुढे एप्रिल २०१७ मध्ये गेली.

निवडणुकीत ही निष्पक्षता मोजायची एक जुनी रीत आहे. मागच्या निवडणुकांत कोणत्या पक्षाला किती मते आणि जागा मिळाल्या, सध्या त्याचा जोर किती, यावरून त्याच्या वाट्याचे महत्त्व ठरते. ही मोजपट्टी पक्षांची आहे आणि पक्ष एकसंध असेल तोवरच ती चालते.

सार्वमतात ती मोडते, हे ब्रिटनने एकदा पाहिलेले होते. ५ जून १९७५ च्या सार्वमतात युरोपीय समुदायात राहण्याच्या बाजूने ६७ टक्के मते पडली. तेव्हा फूट मजूर पक्षात होती. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन राहण्याच्या बाजूचे, तर टोनी बेन, मायकेल फूट, बार्बरा कॅसल हे त्यांचेच मंत्री विरोधात. मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी बाजूला ठेवून मंत्र्यांना एकमेकांविरुद्ध प्रचार करू देण्याची वाट विल्सन यांनी पाडली. कॅमेरन चाळीस वर्षांनी त्याच वाटेने गेले. फरक एवढाच, की १९७५ मध्ये जवळजवळ सगळी मोठी वृत्तपत्रे राहण्याच्या बाजूने होती आणि विरोधी पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर याही. २०१६ मध्ये ते एकमत उरले नव्हते.

बीबीसीलाही धोक्याची घंटा आधीच ऐकू आली होती. २००५ मध्ये लॉर्ड विल्सन (पंतप्रधान विल्सन नव्हेत) यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने तिच्या युरोपविषयक बातम्यांची तपासणी करून गंभीर उणिवा दाखवल्या होत्या, जाणूनबुजून पक्षपात मात्र आढळला नव्हता. २०१३ मध्ये स्टुअर्ट प्रेबल यांच्या अहवालाने सांगितले, की युरोपसारख्या विषयात बीबीसी वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे संसदेतल्या, राजकारण्यांच्या तोंडाकडे फार पाहते. या दोन्हींच्या मधे, २००७ मध्ये, बीबीसी ट्रस्टने निष्पक्षतेवर एक अहवाल काढला होता आणि त्याची कल्पना त्याच्या नावातच होती : निष्पक्षता म्हणजे दोन टोकांचा सीसॉ नव्हे, ती गाडीच्या चाकासारखी हवी. मधल्या तुंब्यातून निघणाऱ्या आऱ्या अनेक असतात, सगळ्या एकमेकींपासून सारख्या अंतरावर असतीलच असेही नाही.

नऊ वर्षांनी खरी कसोटी आली तेव्हा बीबीसी सीसॉवर जाऊन बसली.

चार महिने

सार्वमतासाठीच्या आपल्या नियमावलीत बीबीसीने दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत ‘ढोबळ तोल’ राखण्याची भाषा वापरली होती. मिनिटे मोजून वाटप करण्याची सक्ती त्यात नव्हती. शब्द समंजस होते. पण १३ एप्रिल २०१६ रोजी निवडणूक आयोगाने ‘व्होट लीव्ह’ आणि ‘ब्रिटन स्ट्राँगर इन युरोप’ या दोन अधिकृत मोहिमा नेमल्या. प्रत्येकीला ७० लाख पौंडांपर्यंत खर्चाची मुभा, सरकारी अनुदान, प्रसारणाचा हक्क. वृत्तकक्षात बसलेल्या माणसाला आता दोन फोन नंबर मिळाले होते. एका बाजूचा दावा आला की दुसऱ्या नंबरावर फोन करायचा, उत्तर घ्यायचे आणि दोन्ही जोडून बातमी लावायची.

या दोन्ही नंबरांवर फोन उचलणारे बहुतेक एकाच पक्षाचे निघाले. राहण्याच्या मोहिमेचा चेहरा कॅमेरन आणि अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न, बाहेर पडण्याच्या मोहिमेचा चेहरा जॉन्सन आणि गोव्ह. चौघेही सत्ताधारी हुजूर पक्षाचे. लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी मोहिमेच्या काळातल्या बातम्या आठवड्या-आठवड्याने मोजल्या, त्यात सर्वाधिक वेळा झळकलेले दोघे कॅमेरन आणि जॉन्सन होते. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन फार मागे. कार्डिफ विद्यापीठाच्या अभ्यासानेही टीव्ही बातम्यांतल्या राजकीय आवाजांवर हुजूर पक्षाचा असाच पगडा दाखवला. तोल साधलेला होता. फक्त तो एका पक्षाच्या घरातला होता.

मजूर पक्षाची यात दुहेरी गोची झाली. त्याचे बहुतेक सगळे खासदार राहण्याच्या बाजूचे होते. गिझेला स्टुअर्ट, केट होई, फ्रँक फील्ड अशी मोजकी नावे सोडली तर पक्ष वरून एकसंध दिसत होता, आणि भांडण नाही म्हणजे बातमी नाही. स्वतः कॉर्बिन यांनी एका विनोदी कार्यक्रमात युरोपीय संघाबद्दलचा आपला उत्साह दहापैकी सात-साडेसात असल्याचे सांगितले. पक्षातली खरी फूट संसदेत नव्हतीच. ती उत्तर इंग्लंडच्या गावांत होती. निस्सानचा मोटार कारखाना असलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या मजूर पक्षाला मत देणाऱ्या संडरलंडने ६१ टक्के मत बाहेर पडण्याच्या बाजूने टाकले तेव्हा त्या रात्री स्टुडिओत बसलेली मंडळी थक्क झाली. चार महिने ज्यांनी वेस्टमिन्स्टरचे भांडण दाखवले त्यांना संडरलंड दिसणार कसे?

चर्चेच्या कार्यक्रमांची रचनाही पक्षातल्या फुटीने ठरवली. टीव्हीवर आपल्याच पक्षाच्या माणसाशी समोरासमोर वाद घालायला कॅमेरन तयार नव्हते. ‘निळ्याविरुद्ध निळे’ असे दृश्य त्यांना नको होते. म्हणून ७ जूनच्या आयटीव्हीच्या कार्यक्रमात कॅमेरन आणि युरोपविरोधी यूकेआयपी पक्षाचे नेते नायजेल फराज एकामागून एक प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देऊन गेले. हे ठरल्याचे कळताच ‘व्होट लीव्ह’ने आयटीव्हीला जाहीर धमकी दिली होती, की डाउनिंग स्ट्रीटमधली माणसे फार काळ तिथे राहणार नाहीत आणि परिणाम भोगावे लागतील. सत्ताधारी पक्षाचे मंत्री ज्या मोहिमेच्या व्यासपीठावर आहेत, ती मोहीम एका वाहिनीला असे सुनावते. या मोहिमेतल्या दहा गोष्टी विसरता येतील, पण ही विसरू नये.

साडेतीन हजार लाख

११ मे रोजी कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावी एक लाल बस रस्त्यावर आली. आपण युरोपीय संघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ या, असा मजकूर तिच्यावर होता.

हा आकडा ढोबळ वर्गणीचा होता. ब्रिटनला थॅचर यांच्या काळापासून मिळणारी सूट पैसे निघण्याआधीच वजा होत असे, म्हणजे ३५ कोटी कधी पाठवलेच जात नव्हते. शिवाय शेती, मागास प्रदेश आणि संशोधन यांसाठी बराच पैसा परत येत असे. राष्ट्रीय सांख्यिकी प्राधिकरणाचे अध्यक्ष सर अँड्र्यू डिलनॉट यांनी २७ मे रोजी निवेदन काढून हा दावा दिशाभूल करणारा आहे आणि त्याने अधिकृत आकडेवारीवरचा विश्वास कमी होतो, असे स्पष्ट सांगितले. बस धावतच राहिली. मतदानाच्या तोंडावर झालेल्या पाहणीत जवळपास निम्म्या लोकांना तो आकडा खरा वाटत होता.

बीबीसीने हे तपासले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्या ‘रिअॅलिटी चेक’ या तथ्यतपासणी विभागाने आकडा उलगडून दाखवला, काही मुलाखतकारांनी जॉन्सन आणि गोव्ह यांना त्यावरून धारेवरही धरले. पण ज्या बातमीपत्राला लाखो लोक जेवणाच्या ताटावर बसून पाहतात, तिथे वाक्य बहुतेक असे यायचे : बाहेर पडण्याच्या बाजूचे म्हणतात ३५ कोटी, राहण्याच्या बाजूचे म्हणतात हे खोटे आहे. दुसरे वाक्य प्रतिपक्षाच्या तोंडी घातले की त्याची किंमत प्रतिपक्षाएवढीच राहते. डिलनॉट कोणत्याच मोहिमेचे नव्हते. त्यांचा निकाल ‘राहणाऱ्यांचे म्हणणे’ होऊन बसला, हे या प्रकरणातले मला सर्वांत बोचणारे वास्तव आहे. कार्डिफच्या संशोधकांनी नेमके हेच टिपले : आकड्याला आकडा भिडवला जात होता, पण पत्रकाराने स्वतः किंवा त्रयस्थ तज्ज्ञाने आकडा तपासल्याची उदाहरणे फार थोडी होती.

आणि खोट केवळ एकाच बाजूला नव्हती. सरकारी अर्थखात्याने एप्रिलमध्ये सांगितले, की बाहेर पडल्यास २०३० पर्यंत प्रत्येक कुटुंब ४,३०० पौंडांनी गरीब होईल. तो आकडा कुटुंबाच्या उत्पन्नाचा नव्हताच. एरवी देशाचे उत्पन्न जेवढे वाढले असते त्यापेक्षा ते किती कमी वाढेल, याला कुटुंबांच्या संख्येने भागून तो काढला होता. संसदेच्या अर्थविषयक समितीने दोन्ही मोहिमांच्या आकड्यांवर कोरडे ओढले. मे महिन्यात त्याच खात्याने भाकीत केले, की बाहेर पडण्याचा कौल आला तर लगेच मंदी येईल आणि सुमारे ५ लाख नोकऱ्या जातील. कौल आला, पौंड त्याच रात्री १९८५ नंतरच्या नीचांकाला घसरला, पण ती मंदी आली नाही. म्हणून ‘तज्ज्ञांचे ऐकायला हवे होते’ एवढ्यावर हे प्रकरण मिटवता येत नाही. तज्ज्ञांमध्येही फरक करावा लागतो. व्यापारात अडथळे आले की पंधरा वर्षांत काय होते, यावर अर्थशास्त्र बरेच खात्रीने बोलू शकते. पुढच्या चार तिमाहींबद्दल ती खात्री नसते. हा फरक प्रेक्षकाला समजावून सांगणे पत्रकाराचे काम होते.

ते झाले नाही, कारण सीसॉला दोनच टोके असतात. मेअखेरीस ‘ऑब्झर्व्हर’साठी झालेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या सहाशेहून अधिक अर्थशास्त्रज्ञांपैकी ८८ टक्क्यांनी पुढच्या पाच वर्षांत बाहेर पडण्याने अर्थव्यवस्थेचे नुकसान होईल असे सांगितले. तरी स्टुडिओत खुर्च्या दोनच लागत : एकीवर या ८८ टक्क्यांतला कोणीतरी, दुसरीवर पॅट्रिक मिनफर्ड यांच्यासारखा वेगळे मत असलेला. मिनफर्ड यांना बोलावण्यात काहीही गैर नव्हते. त्यांचे मत व्यवसायात किती एकाकी आहे हे प्रेक्षकाला न सांगणे गैर होते. ३ जूनला स्काय वाहिनीवर फैजल इस्लाम यांच्यासमोर गोव्ह म्हणाले, की या देशातल्या लोकांना आद्याक्षरांची नावे मिरवणाऱ्या संस्थांच्या तज्ज्ञांचा आता वीट आला आहे. पण टीव्हीवर तज्ज्ञ आणि प्रचारक यांना आधीच एका पातळीवर आणून ठेवलेले होते.

ज्या आऱ्या चाकात नव्हत्या

९ जूनला टोनी ब्लेअर आणि जॉन मेजर हे दोन माजी पंतप्रधान, एक मजूर पक्षाचे आणि एक हुजूर पक्षाचे, उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात एकत्र गेले. ब्रिटन बाहेर पडले तर आयर्लंड बेटावरची सुमारे ५०० किलोमीटरची सीमा युरोपीय संघाची बाह्य सीमा होईल आणि १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने आलेल्या शांततेला तडा जाऊ शकतो, असे त्यांनी सांगितले. राष्ट्रीय बातम्यांत हा विषय आला आणि मागे पडला. जॉन्सन-कॅमेरन भांडणात ही सीमा कुठे बसत नव्हती. दोन्ही मोहिमांना लंडनच्या मतदारासमोर ती उगाळायची नव्हती आणि मोहिमा जे उगाळत नाहीत त्याला तोलाच्या हिशेबात जागा नसते. पुढे २०१८ आणि २०१९ ही दोन वर्षे ब्रिटनची संसद याच सीमेवर अडून बसली. मतदानाआधी सामान्य मतदाराला जे ठाऊक असायला हवे होते, ते त्याला मतदानानंतर दोन वर्षांनी शिकावे लागले.

दुसरी एक आरी आपल्या ओळखीची आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये गेले आणि स्विंडनसारख्या शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. या सार्वमताने त्यांच्या राहण्या-कमावण्याच्या हक्कावरच प्रश्नचिन्ह लावले, पण त्यांना मत नव्हते. उलट भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या पुणेकराला किंवा नागपूरकराला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मत होते. एकाच गावातून गेलेल्या दोन भावांपैकी ज्याचे नशीब टांगणीला लागले त्याला बोलता येऊ नये आणि दुसऱ्याला यावे, अशी ही रचना. स्विंडनने सुमारे ५५ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. स्थलांतरितांविषयी त्या चार महिन्यांत अखंड बोलले गेले. स्थलांतरित स्वतः बोलताना क्वचित दिसले, कारण ते कोणत्याच मोहिमेचे प्रवक्ते नव्हते.

वृत्तपत्रांचे ओझे

वृत्तपत्रांवर मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांनी निष्पक्षतेचे वचन दिलेलेच नव्हते. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या अभ्यासात सार्वमतावरच्या लेखांपैकी ४१ टक्के बाहेर पडण्याकडे आणि २७ टक्के राहण्याकडे झुकलेले निघाले. गंमत अशी, की इथेही घराघरांत फूट होती : रूपर्ट मरडॉक यांच्याच मालकीचे ‘सन’ बाहेर पडा म्हणत होते आणि ‘टाइम्स’ राहा म्हणत होते. ‘डेली मेल’ बाहेर पडण्याच्या बाजूचे, त्याच घरातले ‘मेल ऑन संडे’ राहण्याच्या. मार्चमध्ये ‘सन’ने राणीचा ब्रेक्झिटला पाठिंबा असल्याचा मथळा दिला आणि इप्सो या तक्रार निवारण संस्थेने तो दिशाभूल करणारा ठरवला.

बीबीसीशी याचा संबंध असा, की तिची सकाळ वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी उजाडते. दिवसाचा विषय कोणता, हे बऱ्याच वेळा पहिल्या पानावरून ठरते आणि मग त्या विषयात दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली जाते. विषयाची निवडच झुकलेली असेल तर आतला तोल कितीही काटेकोर असो, त्याचा काय उपयोग?

कौलानंतर

५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. कॅमेरन गेले, थेरेसा मे आल्या. मजूर पक्षात २८ जूनला खासदारांनी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दाखवला, पण ते हटले नाहीत. बीबीसीपुढे आता नवा पेच होता. सार्वमत संपले, अधिकृत मोहिमा विसर्जित झाल्या. आता तोल कोणात साधायचा? १७४ लाख आणि १६१ लाख मतदारांत? सरकार आणि विरोधी पक्षांत? की सरकारमधल्या दोन गटांत?

मार्च २०१७ मध्ये सत्तरहून अधिक खासदारांनी, बहुतांश हुजूर पक्षाच्या, बीबीसीचे महासंचालक टोनी हॉल यांना पत्र लिहून बातम्या निराशावादी आणि एकांगी असल्याची तक्रार केली. त्या जूनमध्ये मंत्री अँड्रिया लीडसम बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’वर सूत्रसंचालक एमिली मेटलिस यांना म्हणाल्या, की प्रसारकांनी जरा देशभक्ती दाखवली तर बरे होईल. २०१८ मध्ये मजूर पक्षाचे लॉर्ड अडोनिस उलट टोकाने तुटून पडले. बीबीसी म्हणजे ब्रेक्झिटची प्रसारण संस्था झाली आहे, असा त्यांचा घोष होता.

दोन्हीकडून शिव्या बसतात म्हणजे आपण बरोबर मध्यावर आहोत, हा युक्तिवाद वृत्तकक्षांत फार जुना आणि फार लाडका आहे. मला तो धोकादायक वाटतो. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. लंडनमधल्या सुशिक्षित, युरोपात सहज फिरणाऱ्या वृत्तकक्षाला संडरलंडच्या मतदाराचे मन परके वाटत होते, ही बाहेर पडणाऱ्यांची तक्रार खरी होती. खोट्या आकड्याला खोटे म्हणायला तोच वृत्तकक्ष कचरत होता, ही राहणाऱ्यांची तक्रारही खरी होती. एका उणिवेने दुसरी भरून निघत नाही.

२०१९ मध्ये तर दोन टोकांची कल्पनाच कोसळली. १५ जानेवारीला मे यांनी युरोपीय संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला, स्वतःच्या पक्षाचे ११८ खासदार विरोधात गेले. त्यांत करार फार मवाळ म्हणणारेही होते आणि ब्रेक्झिटच नको म्हणणारेही. फेब्रुवारीत मजूर पक्षाचे आठ आणि हुजूर पक्षाचे तीन खासदार बाहेर पडून वेगळ्या गटात बसले. २७ मार्चला संसदेपुढे आठ पर्याय ठेवले गेले आणि आठही पडले. १ एप्रिलला सीमाशुल्क संघाचा प्रस्ताव अवघ्या तीन मतांनी हुकला. ३ सप्टेंबरला नवे पंतप्रधान जॉन्सन यांनी केनेथ क्लार्क, फिलिप हॅमंड यांच्यासह २१ खासदारांना पक्षादेश मोडल्याबद्दल संसदीय पक्षातून काढले.

या महिन्यांतली बीबीसी मला जास्त चांगली वाटते. नाइलाजाने का होईना, तिला आऱ्या मोजाव्या लागल्या. बॅकस्टॉप (आयर्लंडची सीमा खुली ठेवण्याची हमी) म्हणजे काय, सीमाशुल्क संघ आणि एकल बाजार यांत फरक काय, हे संध्याकाळच्या बातम्यांत फळ्यावर काढून सांगितले जाऊ लागले. पण डिसेंबरच्या निवडणुकीने पक्ष पुन्हा आपापल्या रांगेत उभे केले आणि जुनी मोजपट्टी परत बाहेर आली. चॅनल फोरने हवामानावरच्या चर्चेला न आलेल्या जॉन्सन आणि फराज यांच्या जागी बर्फाची शिल्पे ठेवली. हुजूर पक्षाने ऑफकॉमकडे तक्रार केली, ऑफकॉमने ती फेटाळली. बीबीसीवर अँड्र्यू नील यांनी बाकी पक्षनेत्यांना सोलून काढले, पण जॉन्सन मुलाखतीला बसलेच नाहीत. येणाऱ्याला झोडपायचे आणि न येणाऱ्याला मोकळे सोडायचे, यावर निष्पक्षतेच्या कोणत्याही नियमावलीत तोडगा नव्हता. नील यांनी अखेर कॅमेऱ्यासमोर, विचारता न आलेले प्रश्नच वाचून दाखवले.

पुढे काय झाले

ऑगस्ट २०२२ मध्ये, बीबीसी सोडल्यावर, मेटलिस यांनी एडिनबर्गच्या व्याख्यानात त्या दिवसांबद्दल सांगितले : ब्रेक्झिटची भीती वाटणारे साठ अर्थशास्त्रज्ञ निर्मात्यांना पाच मिनिटांत सापडत आणि त्याचा पुरस्कार करणारा एक शोधायला पाच तास लागत, पण पडद्यावर दोघेच दिसत, एकाला एक. प्रेक्षकाला ते तोल म्हणून दाखवले आणि तो तोल नव्हता, असे त्यांचे म्हणणे. २०११ मध्ये प्राध्यापक स्टीव्ह जोन्स यांनी बीबीसीच्या विज्ञानविषयक बातम्यांबद्दल हाच खोटा तोल दाखवून दिला होता, आणि हवामानबदलाच्या बाबतीत बीबीसीने २०१८ मध्ये आपल्या पत्रकारांना कळवलेही होते, की समतोलासाठी तो नाकारणारा माणूस शोधून आणण्याची गरज नाही. विज्ञानात जे पटले ते अर्थकारणात पटवून घेणे तिला जड गेले, कारण अर्थकारणात प्रत्येक वाक्याला एक पक्ष चिकटलेला असतो.

दरम्यान बीबीसीने कर, सरकारी खर्च आणि कर्ज यांवरच्या आपल्या बातम्यांची स्वतंत्र तपासणी करून घेतली. ती करणाऱ्या दोघांपैकी एक होते सर अँड्र्यू डिलनॉट, दुसरे पत्रकार मायकेल ब्लास्टलंड. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात पद्धतशीर राजकीय पक्षपात आढळला नाही. आढळले ते असे, की खूपशा पत्रकारांना अर्थशास्त्राची मूलभूत समज नाही किंवा त्यावर बोलण्याचा आत्मविश्वास नाही, आणि म्हणून बातमी वेस्टमिन्स्टरच्या राजकारणातून सांगितली जाते.